दाराआडून सोडवलेलं शब्दकोडं

शब्दकोडं सोडवत बसणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही. तो बिचारा पेन्सिल चावत एका कोपऱ्यात पडलेला असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. राग येतो तो उत्तर सांगितल्यावर ‘हेच कशावरून?’ असं विचारणाऱ्याचा. तुम्ही घसा कोरडा करून समजावून सांगावं, त्यानं सगळं शांतपणे ऐकून घ्यावं, आणि शेवटी ‘बरं, पण हेच कशावरून?’ म्हणून पुन्हा तिथंच यावं. आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका हिवाळ्यात माझं असं डोकं खाल्लं की अजूनही पेपरात ती काळी-पांढरी चौकट दिसली की मी पान उलटते.

मी वालूरला सून म्हणून आले तेव्हा निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. माझं माहेर नगरकडचं, इंग्रजी मुलखातलं. तिथं मी मराठी सातवीची फायनल पास झाले होते आणि त्याचा मला बऱ्यापैकी ताठा होता. सासर मोगलाईतलं. निजाम गेला तरी आमच्याकडचे लोक त्या भागाला मोगलाईच म्हणायचे. मामंजी तालुक्याच्या कोर्टात पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद वाचून दाखवणारे आणि मिसली, म्हणजे खटल्यांच्या फायली, सांभाळणारे. बोलणं मराठीत, पण लिहिणं-वाचणं सगळं उर्दूत. मग राज्य बदललं, कागद मराठीत यायला लागले, पुण्याकडची पोरं येऊन खुर्च्यांवर बसली, आणि मामंजी मुदतीआधीच नोकरी सोडून घरी आले. गाव त्यांना पेशकारसाहेबच म्हणायचं. ओसरीवरच्या बाजेवर बसून ते घरातल्या भांडणांचे फैसले द्यायचे आणि मराठी पेपर बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचायचे.

आमच्या घरात सुनेनं सासऱ्यासमोर यायचं नाही, असा रिवाज होता. लग्नात मुंडावळ्या आणि डोक्यावरून ओढलेला पदर, आणि लग्नानंतर स्वयंपाकघराचं दार. एका घरात राहून त्यांनी माझा चेहरा कधी पाहिलेला नव्हता. मला ते दिसायचे, पण दाराच्या फटीतून आणि तुकड्यातुकड्यानं: कधी रुमाल बांधलेलं डोकं, कधी मिशीचं टोक, आणि बहुतेक वेळा बाजेवरून लोंबणारा डावा पाय. त्या पायाची आणि माझी ओळख चांगली होती. पाय हलायला लागला की चहा हवा असायचा. ते माझ्याशी थेट बोलायचेही नाहीत. हवेकडे बघून म्हणायचे, “आतून पाणी यावं.” मी पाणी उंबऱ्यावर ठेवायचे आणि सासूबाई ते पुढं न्यायच्या.

त्या हिवाळ्यात गावात मुलींचा वर्ग सुरू झाला. वर्ग म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली, एक फळा आणि बोटावर मोजण्याइतक्या पोरी. शिकवायला पुरुष मास्तर, म्हणून आया पोरींना पाठवेनात. हेडमास्तरांना बाई हवी होती, आणि मराठी सातवी झालेली बाई आसपासच्या गावांत एकच होती. ती आमच्या दाराआड ज्वारी निवडत बसलेली होती. एका सकाळी हेडमास्तर ओसरीवर आले आणि म्हणाले, “पेशकारसाहेब, सूनबाईंना पाठवा की शाळेत. संक्रांतीपर्यंत बाई मिळाली न्हाई तर पोरींचा वर्ग बंद करा, असं म्हणायलेत वरचे लोक.”

माझा हात सुपातच थांबला. ती जागा मला हवी होती. हवी म्हणजे कशी, तर त्या दिवसापासून भाकरी थापताना मी मनातल्या मनात हजेरी घ्यायला लागले. सातवी पास होऊन मी काय करत होते, तर खडे वेचत होते.

मामंजी म्हणाले, “मास्तर, जी बाई माझ्यासमोर येत न्हाई, ती गावासमोर कशी उभी ऱ्हाईल?”

आता यावर बोलणार काय? समोर यायचं नाही हा कायदा यांचाच, आणि समोर येत नाही ही तक्रारही यांचीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी आत्याबाईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, पाहिलं. त्या म्हणाल्या, “माझ्याकडं काय बघायलीस? मी तरी कवा त्यांच्यासमोर बसून जेवले?”

बाहेर मामंजींचं पुढचं कलम सुरू झालं होतं. “अन् दुसरी गोष्ट. तिला मराठी कितपत येतं, ते आपल्याला कसं कळावं? मी उर्दूत शिकलेला, तुमी बी उर्दूत शिकलेले.” हेडमास्तर भला माणूस. ते “खरं हाय” म्हणाले. पंधरा दिवसांनी येतो म्हणून उठून गेले.

आमचे हे तेव्हा मानवतला जिनिंगमध्ये कारकून होते. कापसाचा हंगाम असला की आठवड्याच्या सुट्टीलाच घरी यायचे, तेही केसात कापूस घेऊन. त्या आठवड्यात त्यांनी मानवत रोडच्या स्टेशनवरून पुण्याचं एक साप्ताहिक आणलं. त्याच्या शेवटच्या पानावर एक शब्दकोडं होतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की, हे कोडं गूढ असून ज्यांना मराठी उत्तम येतं त्यांनीच याच्या वाटेला जावं. मामंजींनी बोट ठेवून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि बाजेवर सरळ होऊन बसले.

“झालं काम,” ते हवेला म्हणाले. “हे सवाल हायेत. आतून जवाब यावेत. समदे जवाब जुळले तर मास्तरला होकार. न्हाई जुळले तर विषय खतम.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “बाबा म्हणायलेत तर बघ की सोडवून.” आणि दुसऱ्या दिवशी मानवतला निघून गेले. वर्ग चालणार की बंद पडणार, मी मास्तरीण होणार की जन्मभर फटीतून पाय बघणार, हे सगळं पुण्याच्या कुणा रिकामटेकड्याच्या कोड्यावर येऊन बसलं होतं, आणि ह्यांना मानवतची बस चुकायला नको होती.

कोड्याची मला भीती नव्हती. माझ्या थोरल्या भावाला त्याचा नाद होता, त्यामुळे कोडी करणाऱ्यांची खोड मला ठाऊक होती. हे लोक सरळ बोलत नाहीत. एकाच वाक्यात शब्दाचा अर्थही सांगतात आणि तो शब्द कसा जोडायचा तेही सांगतात. फक्त दोन्ही असं कालवून देतात की वाक्य वेडगळ वाटावं. ते वेगळं करायचं, मग उत्तर समोर असतं. माझं दुखणं निराळंच होतं. साप्ताहिक बाहेर मामंजींच्या मांडीवर आणि मी आत. ते बोट ठेवून सवाल वाचणार, मी आतून जवाब देणार, आणि ते टाक दौतीत बुडवून अक्षरं भरणार. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे तरी शेळ्या दिसतात.

पहिला सवाल आला: “एक आडवा. आईच्या मागे हेर, तरी बायका तिकडेच धावतात. अक्षरं तीन.”

“माहेर,” मी म्हटलं.

“हेच कशावरून?”

मी सांगितलं की मा म्हणजे आई, तिच्या मागं हेर शब्द जोडला की माहेर होतो, आणि बायका कुठं धावतात ते मी सांगायला नको. आत्याबाई तव्यावरून नजर न हटवता म्हणाल्या, “म्हायेरच असंल. बाईला दुसरीकडं धावायला हाय तरी काय?” बाहेरून “मा,” असं म्हणून टाक फिरल्याचा आवाज आला. मी हळूहळू पुढची अक्षरं सांगितली, “हे… र.” मामंजींनी ती एकेका घरात बसवली.

दुसऱ्या दिवशी “गारा नकोत असे बडवून सांगणारा” आला. मी म्हटलं, “नगारा.” न म्हणजे नको, पुढं गारा, आणि नगारा बडवतातच.

“नगाऱ्याला तोंड हाय का?” मामंजी म्हणाले. “तो सांगंल कसा? अन् गारा नकोत हे म्हणणार कोण? शेतकरी म्हणंल. मग जवाब शेतकरी का न्हाई?”

“शेतकऱ्याला बडवत नाहीत,” मी म्हटलं.

“कोण म्हणतं?” मामंजी म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला. त्या एका नगाऱ्यावर एक आख्खी दुपार गेली.

‘आणि लोक तराजूत बसले’ याचं उत्तर मी वजन सांगितलं. व म्हणजे आणि, जन म्हणजे लोक. मामंजींचं म्हणणं पडलं की मानवतच्या अडतीत त्यांनी तराजू पाहिलाय, त्यात कापूस बसतो, लोक बसत नाहीत, सबब सवालच खोटा. ‘डोके छाटलेले कमळ अंगाला चिकटते’ याचं उत्तर मळ. कमळातला पहिला क काढला की मळ उरतो. यावर आत्याबाईच चिडल्या. “देवाला वाहायचं फूल ते. त्याचं मुंडकं कशाला छाटायचं? कोण मेला लिहितो असलं?” मला एकाच वेळी ओसरीवरच्या कोर्टाशी आणि चुलीपुढच्या कोर्टाशी भांडायला लागत होतं, आणि माझी बाजू घ्यायला कुणी नव्हतं.

तरी मी तग धरला, कारण उत्तरं मला पटापट सुचत होती. पण चौथ्या-पाचव्या दिवशी बाहेरून नवीनच कुरकुर सुरू झाली. “जुळत न्हाई,” मामंजी म्हणाले. आडवे शब्द भरून झाले होते आणि आता उभे भरायचे होते. उभ्याचं एखादं अक्षर आडव्याशी जुळायचं, दुसरं जुळायचं नाही. मी विचारलं, कुठं जुळत नाही? त्या घरात काय अक्षर आहे?

“मिसल माझ्याकडं हाय,” बाहेरून उत्तर आलं. “पक्षकारानं जवाब द्यायचा असतो, मिसल बघायची नसते.”

मी आत्याबाईंना पुढं घातलं. म्हटलं, घटकाभर तेवढं पान आत आणा. त्या बाहेर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “न्हाई म्हणायलेत. कोर्टाचा कागद कोर्टाच्या बाहेर जात न्हाई म्हणं.” दुपारी झोपायच्या आधी ते साप्ताहिक पेटीत ठेवून कुलूप लावायचे. आपल्याच घरात चोरी होईल म्हणून. तेही शब्दकोड्याची!

आणि मग तो दोन उभा आला. सवाल होता: “राजाचा एक काना गळाला, कारकून आनंदाने घरी. अक्षरं दोन.” मी विचार न करता म्हणून गेले, “रजा.” राजातला पहिला काना काढला की रजा, आणि रजा मिळाली की कारकून घरी.

बाहेरून ‘हेच कशावरून’ आलं नाही. फटीतून पाहिलं तर पाय अजिबात हलत नव्हता. मग मामंजी म्हणाले, “आनंदानं?” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “आनंदानं घरी बसला, असं कुणी सांगितलं ह्यांना?”

आत्याबाईंनी तव्यावरचा हात माझ्या तोंडापुढं नाचवून मला गप्प बसायला सांगितलं. मला कळलं. राजा गेला आणि एक कारकून घरी येऊन बसला, हे आमच्या घरात कुणी बोलायचं नव्हतं. पुण्याचा तो मनुष्य चार आण्यांच्या साप्ताहिकात ते बोलून गेला होता. संध्याकाळी मामंजी एवढंच म्हणाले, “रजा जुळत न्हाई. दुसरा जवाब यावा.” मला वाटलं, शब्द मनाला लागला म्हणून ते तो नाकारताहेत. म्हातारा माणूस, दुखावलाय, त्याच्याशी किती भांडायचं? पण दुसरा जवाब आणू कुठून? रजा ती रजाच. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. खरं सांगायचं तर राग जास्त यायचा, कारण त्यांच्या दुखऱ्या जागेपायी माझी शाळा जात होती.

पुढचे दिवस तेच. “दोन उभा फिरून तपासावा.” “तपासला. रजा.” “जुळत न्हाई.” मी झाडताना पुटपुटायला लागले, पाणी शेंदताना पुटपुटायला लागले. एकदा हे आले तेव्हा मी म्हटलं, तुम्ही तरी ते पान बघा हो, काय भरलंय त्यात. हे म्हणाले, “बाबांच्या कागदाला हात लावू म्हणतेस?” नवऱ्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा चुलीला गाऱ्हाणं सांगितलेलं बरं.

पंधरवडा झाला आणि सांगितल्याप्रमाणे हेडमास्तर आले. मी भाकऱ्या करत होते. कान सगळा ओसरीवर होता.

“काय ठरलं, पेशकारसाहेब?”

“तुमीच बघा,” मामंजी म्हणाले. पेटीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. “मी काय बोलायचं न्हाई. समदे जवाब तिचे हायेत. निम्मे जुळतात, निम्मे जुळत न्हाईत.” हे त्यांनी दुष्टपणानं म्हटलं नाही, हे मला तेव्हाही कळलं. उलट आवाज पडलेला होता. त्यांनाही ते कोडं सुटायला हवं होतं. ते सुटलं नाही म्हणून पुण्याची पोरं जिंकल्यासारखी झाली होती.

कागद फडफडला. दोन माणसं एका पानावर वाकली असावीत. मामंजी बोट फिरवून एकेक शब्द वाचून दाखवत होते आणि हेडमास्तर हं, हं करत होते. मग हेडमास्तर म्हणाले, “खरंच की. कडेची घरं जुळत न्हाईत.” सुस्कारा टाकून म्हणाले, “मग अवघड हाय, पेशकारसाहेब. मराठी शिकवायला बाई घ्यायची अन् तिचंच मराठी कच्चं निघायचं. पोरी चुकीचं शिकतील. मी वरच्या लोकांना कळवून टाकतो, बाई मिळाली न्हाई म्हणून.”

माझं मराठी कच्चं! फायनलला मराठीत माझा तालुक्यात वरचा नंबर होता. आणि हे मला मराठी येत नाही म्हणून ठरवणारे कोण, तर दोघं उर्दूचे पंडित. माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती वाकडी पडली आणि मी ती तशीच राहू दिली.

हेडमास्तरांना कोर्टाची रीत ठाऊक नव्हती. ते मोठ्यानं बोलत होते. “हे बघा ना,” ते म्हणाले, “दोन नंबरच्या घरात मा बसलाय, अन् बाई म्हणतात तिथनं रजा काढा. मा वरनं रजा कशी निघंल?”

पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला कुठल्या घरात काय आहे ते ऐकू आलं. मा? मा हे तर माहेरचं पहिलं अक्षर. ते एक नंबरच्या घरात असायला हवं. आडवा शब्द जिथं सुरू होतो तिथंच त्याचा नंबर असतो. मग मा दोन नंबरच्या घरात कसा गेला?

मी दाराआडूनच विचारलं, हवेला नाही, त्या दोघांना: “एक नंबरच्या घरात काय आहे?”

आत्याबाईंनी माझा पदर ओढला. मग हेडमास्तर म्हणाले, “एक नंबरला? र हाय.”

“माहेर र नं सुरू होतं का?” मी म्हटलं.

“र नं न्हाई, मा नंच सुरू होतंय,” मामंजी म्हणाले. “हे काय, इथनं सुरू होतंय. मा, हे, र.”

“इथनं म्हणजे कुठनं?”

“इथनं म्हणजे इथनं!”

बस्स. माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मी उठले, हाताचं पीठ तसंच, पदर कुठं होता देव जाणे, दार ढकललं आणि ओसरीवर गेले. मामंजींच्या हातातलं पान मी काढून घेतलं. घेतलं म्हणजे ओढलंच. आणि पाहते तर काय, माझे सगळे शब्द होते, शाईनं, सुंदर टपोऱ्या अक्षरात, आणि सगळे आडवे शब्द उजवीकडून डावीकडं भरलेले. रहेमा. रागान. नजव. ळम. मधलं अक्षर कुठूनही भरलं तरी मधेच राहतं, म्हणून तेवढी घरं जुळत होती, आणि कडेची एकही जुळत नव्हती. हयातभर उर्दू लिहिलेला हात. छापलेली मराठी ओळ ते डावीकडूनच वाचायचे, कारण ओळ त्यांना ओढून न्यायची. पण मोकळ्या घरांच्या रांगेला डावं-उजवं नसतं. तिथं हात आपल्या जुन्या वाटेनं गेला. आणि हेडमास्तरही त्याच शाळेतले, त्यांनीही पान मुकाट्यानं उजवीकडून वाचलं.

“अहो, हे मराठी आहे!” मी ओरडलेच. “मराठी इकडून सुरू होतं, इकडून! डावीकडून!”

“ते मला म्हाईत हाय,” मामंजी म्हणाले.

“माहीत आहे मग असं का भरलंत?”

त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. “हाताला कुठं म्हाईत हाय,” ते म्हणाले.

शाई काही पुसता येत नव्हती. दाराशेजारच्या कोनाड्यात रांगोळीची वाटी होती. ती घेऊन मी खाली बसले आणि ओसरीच्या शहाबादी फरशीवर चौकटी आखायला लागले. माझी जीभ आता थांबत नव्हती. “नंबर असतो तिथून सुरू करायचं. एक आडवा, इथून. मा, हे, र. दिसलं? दोन नंबर कुठंय? र वर. आता इथून खाली या. तुम्ही नाही मास्तर, ते वाचतील. मामंजी, वाचा.” मी त्यांना मामंजी म्हणून हाक मारली होती, तोंडावर, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मामंजी बाजेवरून खाली उतरले. वाकून रांगोळीवर बोट धरलं. “र,” ते म्हणाले. “जा. रजा.” मग म्हणाले, “जुळतंय.”

“जुळणारच. फक्त ‘आनंदाने’ म्हणतात ते चूक आहे त्यांचं,” मी म्हटलं. “तेवढं आपण खोडू. बाकी बरोबर आहे.”

त्यांची मान दोनदा हलली. मग मी नगारा बसवला, वजन बसवलं, मळ बसवला, आणि प्रत्येक वेळी उभा शब्द आधी मामंजींना वाचायला लावला, मग हेडमास्तरांना. हेडमास्तर एकदा पुढं पुढं बोलायला लागले तर मी म्हटलं, “थांबा, तुमची पाळी नाही.” ते थांबले. शेवटचं घर भरलं तेव्हा फरशीवरचं एकही अक्षर अडत नव्हतं. मी हात झटकत उठले आणि समोर पाहिलं.

दारात आत्याबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. आतून करपलेल्या भाकरीचा वास येत होता. आणि मामंजी माझ्याकडे बघत होते. हवेकडे नाही, माझ्या तोंडाकडे. माझ्या डोक्यावर पदर नव्हता आणि नाकाला बहुधा पीठ लागलेलं होतं. आता संपलं, मला वाटलं. शब्द जुळले आणि रिवाज मोडला, आता हे काय म्हणतात कोण जाणे. पण मी पदर घेतला नाही. मी इतकी चिडलेली होते की घ्यावासाच वाटला नाही.

हेडमास्तर म्हणाले, “मग, पेशकारसाहेब? काय सांगता?”

मामंजींनी फरशीवरचं कोडं एकदा नजरेखालून घातलं. “मला काय विचारायलाव?” ते म्हणाले. “ती समोर उभी हाय. तिलाच विचारा.”

हेडमास्तर माझ्याकडे वळले. हे उत्तर मी पंधरा दिवस भाकऱ्या थापत घोकलं होतं, नम्र, शोभेसं, दोन वाक्यांचं. त्यातलं काहीही आठवलं नाही.

“येते सोमवारपासून,” मी म्हटलं. “आणि आधी त्या नगाऱ्यावरचा पाय काढा, रांगोळी विस्कटतेय.”

पाय डावा होता. माझ्या ओळखीचाच. मामंजींनी तो मुकाट्यानं उचलून बाजूला ठेवला.